परड्यातलं मोठं झाड उतरवायचं ठरलं तर

कोल्हापुरात झाडं वर्षातून दोन वेळा पडतात. एकदा एप्रिल-मेच्या वळवात आणि एकदा आषाढात. वळवाचा वारा अचानक आणि झोतानं येतो. जमीन तेव्हा कोरडी, घट्ट असते, त्यामुळे मुळं धरून राहतात आणि फांदी किंवा शेंडा मोडतो. जुलैत उलट होतं. आठ-दहा दिवस संततधार लागली की मातीची पकड सुटते आणि हिरवंगार दिसणारं झाड मुळासकट आडवं होतं. आपल्या झाडाचा धोका यातला कुठला, हे आधी ठरवायचं. फांदीचा धोका बहुतेक वेळा छाटणीनं जातो, मुळाचा सहसा जात नाही.

घरोघरी हा निर्णय मेच्या शेवटच्या आठवड्यात होतो, पहिली फांदी पत्र्यावर पडल्यावर. तेव्हा परवानगीला वेळ नसतो, चांगले झाडतोडे मिळत नाहीत आणि आजोबांनी लावलेल्या आंब्याचं कलम करायचं राहून जातं. म्हणून काम उलटीकडून मोजावं. झाड डिसेंबर ते फेब्रुवारीत उतरवायचं, त्यासाठी अर्ज दसऱ्याच्या सुमारास द्यायचा, आणि कलम त्याही आधीच्या पावसाळ्यात बांधायचं. झाड खरोखरच आज-उद्या पडण्याच्या बेतात असेल तरच हा क्रम मोडायचा.

तपासणी खालून वर

बुंध्याभोवतीचा पालापाचोळा, कुंड्या, विटा बाजूला करा आणि माती उघडी करा. वारा असताना बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर पाय ठेवून उभं राहा. पायाखालची जमीन उचलल्यासारखी वाटली, किंवा झाडाच्या एका बाजूला अर्धगोल भेग दिसली, तर मुळांनी पकड सोडलेली आहे. याला थांबायचं नाही. त्या बाजूची खोली त्याच रात्री रिकामी करा, गाडी हलवा.

झाड कललेलं आहे एवढ्यावर घाबरू नका. पन्नास वर्षं कललेलं झाड त्या कलानुसार लाकूड वाढवत जातं आणि त्याचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला दिसतो. खोड आणि शेंडा एकाच रेषेत तिरके असतील तर कल नवा आहे. शंका असेल तर भिंतीवरच्या ठरावीक खुणेजवळून दर महिन्याला एक फोटो काढा. दोन फोटोंत फरक दिसला की उत्तर मिळालं.

बुंध्याशी अळंबी आली आहे का पाहा. पावसात उगवून चार दिवसांत जाणारी मऊ छत्री वेगळी. लाकडासारखी कडक, तपकिरी, वरून लाखेसारखी चकाकणारी, वर्षानुवर्षं टिकणारी असेल तर ती गॅनोडर्मा गटातली बुरशी असण्याची दाट शक्यता आहे आणि ती आधाराचीच मुळं खाते. वरचा पाला मात्र बराच काळ हिरवा राहतो. अळंबी कापून टाकल्यानं आत काहीच बदलत नाही, फक्त खूण जाते.

मग गेल्या तीन-चार वर्षांत झाडाजवळ काय खणलं गेलं ते आठवा. गटार, ड्रेनेजची लाइन, कंपाउंडचा पाया, रस्त्याचं काँक्रीट. यासाठी एक हिशेब उपयोगी आहे. जमिनीपासून साधारण १.४ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा आणि ३.१४ नं भागा. घेर १९० सेंमी असेल तर व्यास सुमारे ६० सेंमी. व्यासाच्या बारापट, म्हणजे सव्वासात मीटरच्या आतली मुळं झाडाच्या दृष्टीनं मोलाची. त्यातही व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १.८ मीटरच्या आतली मुळं झाडाला उभं धरतात. एवढ्या जवळून कुणी चर मारला असेल तर झाड कितीही तजेलदार दिसो, त्याचा एक पाय गेलेला आहे. मुळं कापल्यावर झाड लगेच पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी पडतं. तोवर खणलेलं कुणाच्या लक्षात नसतं.

खोडावर लाकडी हातोड्यानं ठोकत वर जा. भरीव खोडाचा आवाज बद्द येतो, पोकळाचा घुमतो. ढोली असली म्हणजे झाड गेलं असं नाही. उरलेली चांगली भिंत किती जाड आहे यावर सगळं ठरतं. ती खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असेल तर काळजीचं कारण आहे. ६० सेंमी व्यासाच्या खोडात सगळीकडून निदान १० सेंमी निरोगी लाकूड हवं, आणि ढोलीचं तोंड मोठं असेल तर त्याहून जास्त. सळई घालून खोली मोजण्याआधी ढोलीत टॉर्च मारा. नाग-धामण आणि गांधीलमाश्या दोघांनाही अशा जागा आवडतात.

वर बघताना दोन जाड फांद्या जिथे फुटतात तो बेचका नीट पाहा. इंग्रजी यू सारखा रुंद असेल तर बळकट. व्ही सारखा अरुंद असेल आणि मधे साल आत दाबली गेली असेल, तर दोन्ही फांद्या एकमेकींना धरून नाहीत, नुसत्या टेकून आहेत. अशा बेचक्याखाली उभी चीर दिसली तर ते काम या आठवड्यातलं.

जातीचाही विचार करा. गुलमोहर, रेनट्री, सोनमोहर, सुबाभूळ यांच्या मोठ्या फांद्या ठिसूळ. नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी अशा जुन्या बंगल्यांच्या भागात अंगणात गुलमोहर किंवा रेनट्री असेल तर बंगल्याइतकंच त्याचंही वय झालेलं असतं, हे लक्षात ठेवा. चिंच आणि जांभूळ चिवट. आंब्यात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, बघा. खोडाला भोकं आणि खाली ओलसर भुसा दिसतो. एखाद्या फांदीत असेल तर उपाय होतो, मुख्य खोड पोखरलं असेल तर नाही. नारळाला सोंड्या भुंगा लागला की खोडातून तपकिरी चिकट द्रव येतो आणि मधली सुई, म्हणजे शेंड्याचं न उघडलेलं कोवळं पान, कोमेजते. असा माड शेंड्यातून मोडतो, त्यामुळे त्यावर माणूस चढवू नये.

शेवटी खाली काय आहे ते पाहा. झाड पडलं तर कशावर? रिकाम्या परड्यात पडणार असेल तर धोका कमी. शेजाऱ्याच्या कौलांवर, शाळेच्या वाटेवर किंवा विजेच्या तारेवर पडणार असेल तर तेच झाड धोक्याचं. कधी कधी पार्किंगची शेड सहा मीटर सरकवणं हा झाड तोडण्यापेक्षा स्वस्त उपाय ठरतो.

वाचवता येईल का

छाटणीत एका वेळी हिरव्या पाल्याचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त काढू नका. आणि शेंडा उडवू नका. आपल्याकडे ‘बोडका करा, पुन्हा फुटेल’ हा सल्ला फार सहज दिला जातो. फुटतं हे खरं. पण नवे फुटवे कुजत चाललेल्या टोकावर नुसत्या सालीच्या आधारानं उभे असतात, आणि सात-आठ वर्षांत जड होऊन तेच मोडतात. वाचवायला घेतलेलं झाड असं जास्त धोक्याचं होतं.

जाड फांदी तीन कापांत काढायची. खोडापासून हातभर अंतरावर खालून चौथा हिस्सा काप, त्याच्या किंचित बाहेर वरून काप म्हणजे फांदी साल न ओढता सुटते, मग उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कडेच्या बाहेरून. ती कडा शाबूत ठेवा, जखम तिथूनच भरते. जखमेवर डांबर फासू नका, आत ओल अडकते. आंब्याला लावायचंच असेल तर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत.

कलम आधी

झाड जाणार हे नक्की झालं की त्याचा वंश ठेवायची सोय करा. रायवळ आंब्याची कोय लावली तर तेच फळ येईल याची खात्री नसते, म्हणून कलम. जून ते ऑगस्टमध्ये कोयकलम बांधतात. त्यासाठी मेच्या शेवटापासून रायवळाच्या कोयी रुजत घाला. रोप दोन आठवड्यांचं, पानं अजून तांबूस असताना त्यावर जुन्या झाडाची काडी बसते. काडी पेन्सिलीएवढी जाड, १० ते १५ सेंमी लांब, तीन-चार महिन्यांची, डोळे फुगलेली. काडी काढायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटली तर डोळे चांगले भरतात. पाच-सहा नव्हे, पंधरा-वीस बांधा. काही मरतातच, आणि उरलेली भावंडांत वाटायला लागतात.

वड, उंबर, चाफा यांची नुसती फांदी लावली तरी रुजते. गुलमोहर बियांपासून येतो, पण बी टणक असतं. उकळून उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवावं.

झाडाखाली दत्ताचं ठाणं, नागोबा किंवा म्हसोबाचा दगड असेल तर तो कुठे जाणार हे घरातल्या आणि गल्लीतल्या वडीलधाऱ्यांशी आत्ताच बोला. ऐन दिवशी, माणसं झाडावर चढलेली असताना, काम अडतं ते याच कारणानं.

परवानगी

झाड तुमच्या जागेत असलं, तुम्हीच लावलेलं असलं, तरी परवानगी लागते. महापालिका हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांकडे, व्यवहारात महापालिकेच्या उद्यान विभागात जातो. या कायद्यात झाड जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं ‘तोडणं’ यातच येतं. त्यामुळे बुंध्याची साल गोल सोलून किंवा मुळाशी ॲसिड ओतून झाड ‘आपोआप’ वाळवण्याची युक्ती गुन्हाच आहे. शिवाय मूर्खपणाची, कारण वाळलेल्या झाडाचं लाकूड ठिसूळ होतं आणि चढणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

अर्जाबरोबर प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, घरफाळ्याची पावती, जागेचा साधा नकाशा, झाडाची जात, घेर, अंदाजे उंची आणि फोटो जोडा. फोटोत नुसतं झाड नको. भेग, अळंबी, ढोली आणि झाडाचं घरापासूनचं अंतर दिसू द्या. ‘पाला पडतो, गटार तुंबतं’ हे कारण टिकत नाही. ‘दक्षिणेकडे मूळ उचललं आहे, ४ मीटरवर शेजाऱ्यांची झोपायची खोली आहे’ हे टिकतं. अपार्टमेंट असेल तर सोसायटीचा ठराव लागेल, घर भाड्याचं असेल तर अर्ज मालकाचा. झाड कुंपणावर असेल तर शेजाऱ्यांची लेखी संमती घ्या. झाड रस्त्यावर किंवा फुटपाथवर असेल तर तुम्ही फक्त तक्रार करायची, हात लावायचा नाही.

त्यानंतर पाहणी होते, सूचना प्रसिद्ध होते, झाडावर नोटीस लागते आणि हरकती घेतल्या जातात. परवानगीचं पत्र हातात आलं तरी त्यातली मुदत आणि अटी वाचूनच दिवस ठरवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ धरलं जातं आणि बदल्यात लावायच्या झाडांची संख्या तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी मोजली जाते. साठ वर्षांच्या आंब्यामागे साठ रोपं कुठे लावणार, याचं उत्तर अर्ज देतानाच तयार ठेवा.

घर हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत असेल तर कायदा बदलतो. तिथे १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा अधिनियम आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, साग, खैर, चंदन ही आपल्या परड्यांत आणि बांधांवर दिसणारी झाडं आहेत. चौकशी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात करा, आणि लाकूड वाहून न्यायला वाहतूक परवाना लागेल का हेही तिथेच विचारा. परवाना नसेल तर टेम्पो वाटेत अडतो.

माणसं आणि बोली

बोली तोंडी ठेवू नका. एका कागदावर लिहा: बुंधा जमिनीलगत की मुळासकट, डहाळ्या कोण उचलणार, लाकूड कोणाचं, कौलं-पत्रा फुटला तर कोण भरणार, माणसाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची. ‘लाकूड आम्हाला, मजुरी नको’ हा सौदा आकर्षक वाटतो. पण लाकूड जितकं मोठ्या तुकड्यात मिळेल तितका त्याला वखारीत भाव, म्हणून असा माणूस मोठे ओंडके पाडायला बघतो. अरुंद गल्लीत नेमकं तेच नको असतं. मजुरी वेगळी द्या, लाकडाची किंमत वेगळी धरा.

चढणाऱ्याकडे हेल्मेट, कमरेचा-मांड्यांचा पट्टा आणि दोन दोर हवेत. एक कापला गेला तरी दुसरा असतो. ओंडके उतरवायला १२ ते १६ मिमीचा नायलॉन दोर वापरतात. बाजारातला निळा-हिरवा प्लॅस्टिकचा दोर घासून तापला की वितळतो, आणि काथ्याचा आतून कधी कुजला ते कळत नाही.

वजनाचा अंदाज घरमालकालाही हवा. ओलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन भरतं. ५० सेंमी व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका जवळजवळ २०० किलोचा. तो दोन मीटर खाली झटक्यानं अडला तर दोरावर त्याच्या कित्येक पट ताण येतो. म्हणून तुकडे छोटे, आणि दोर बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन हळूहळू सोडायचा. वेढे न घालता हातानं धरलेला दोर माणसालाच वर ओढून नेतो.

तो दिवस

आदल्या दिवशी आग्या मोहोळ आणि घरटी पुन्हा बघा. मोहोळ असेल तर काम थांबवा. ते काढणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा, धूर करून स्वतः हात घालू नका. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा.

तार १० फुटांच्या आत असेल तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात आधी अर्ज देऊन वीज बंद करून घ्या. वीज गेली म्हणजे तार मेली असं समजू नका. शेजारच्या जनरेटरची किंवा इन्व्हर्टरची चुकीची जोडणी तीच तार उलट्या बाजूनं जिवंत करते. लाइनमननं तपासून, अर्थिंग करून हो म्हटल्यावरच माणूस वर चढेल. घरात येणारी सर्व्हिस वायर आणि केबल शक्य असेल तर सोडवून घ्या.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा दाटीत अख्खं झाड पाडायला जागाच नसते. ते वरून खाली खांडोळ्या करत उतरवायचं. आधी वाळक्या फांद्या, मग चढता चढता वाटेतल्या, मग शेंडा, शेवटी खोड फूट-दीड फुटाच्या तुकड्यांत. खाली एकच माणूस हुकूम देणारा, आणि वर करवत चालू असताना फांद्यांच्या घेऱ्यात कुणी नाही. चहा द्यायलाही नाही.

मोकळ्या परड्यात झाड एका बाजूला पाडायचं असेल तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत सगळे लांब. पडायच्या बाजूला व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खाच घेतात. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं वर, आणि मधे व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी न कापता ठेवतात. पडताना झाडाला दिशा देते ती ही पट्टी. ती पूर्ण कापली की झाड कुठेही जातं. कल जास्त असेल तर खोड मधोमध उभं चिरून मागे उसळतं आणि कापणाऱ्याला लागतं. खोड पोकळ असेल तर ही पद्धत वापरूच नका, पट्टीला लाकूडच नसतं. ट्रॅक्टरनं ओढायचं तर दोर झाडाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब हवा. आणि वाळलेल्या झाडाला जेसीबीनं ढकलायचं नाही, शेंडा मोडून केबिनवर येतो.

बुंधा आणि लाकूड

मुळासकट काढायचं ठरलं असेल तर खोड दोन-तीन फूट उंच ठेवा, जेसीबीला पकड मिळते. घराच्या पायाजवळ असेल, विशेषतः दगड-मातीच्या जुन्या भिंती असतील, तर उपटू नका. मूळ पायाखाली गेलेलं असतं आणि ओढताना भिंत हलते. तिथे बुंधा जमिनीखाली २० ते ३० सेंमीपर्यंत कोरून माती भरा. काळ्या चिकण जमिनीत आणखी एक गोष्ट होते. झाड शोषत होतं ते पाणी आता मातीतच राहतं, माती फुगते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला बारीक भेगा येऊ शकतात. गिलावा-रंगकाम त्यानंतर करा.

बुंधा जाळू नका, आग मुळांतून आठवडाभर धुमसत राहते. मीठही घालू नका, जमीन नासते. फुटवे आले की कोवळे असतानाच मोडत राहायचं. शेणकाला आणि मातीनं झाकून ओला ठेवला तर लवकर कुजतो, पण वाळवी येते, म्हणून घराला लागून असलेल्या बुंध्याला हा उपाय नको.

आंब्याच्या लाकडाला बुरशीचे डाग आणि कीड लवकर धरते, त्यामुळे फळ्या करायच्या तर ओंडका आठवड्याच्या आत सॉ मिलला न्या. दोरीसाठी ठोकलेले खिळे, पाटीचे हुक कुठे होते ते मिस्त्रीला सांगा, नाहीतर त्याचं पातं जातं. टोकांना रंग किंवा मेण फासा. फळ्या सावलीत, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. इंचभर जाडीला वर्षभर वाळवण धरा. त्याआधी झोपाळ्याची फळी करून घेतली तर ती वाकते.

नवं झाड

त्याच खड्ड्यात लगेच लावू नका, कुजणारी मुळं आणि जुनी बुरशी तिथेच असते. तीन-चार मीटर सरका. तारेखाली कडीपत्ता, लिंबू, पारिजात. घरापासून पाच-सहा मीटर जागा असेल तर बहावा किंवा आपलं राज्यफूल असलेला ताम्हण. आंब्याचं कलम त्याहून लांब. खड्डा २ बाय २ बाय २ फुटांचा, मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा, लावणी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि जोडाखालून आलेला प्रत्येक फुटवा लगेच काढायचा, नाहीतर काही वर्षांनी आजोबांच्या आंब्याऐवजी खालच्या रायवळाचाच आंबा हाती येतो.

वळवात पडलंच तर

तारेवर पडलेल्या झाडाला, त्याच्या ओल्या फांदीला, त्याखालच्या पत्र्याला किंवा कुंपणाला हात लावू नका. दहा मीटर लांब राहा आणि महावितरणला १९१२ वर, अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. वाकलेल्या, दबलेल्या फांद्या कापायला स्वतः जाऊ नका. ताणलेली फांदी सुटताना कापणाऱ्याच्या तोंडावर येते. पडलेल्या झाडाचेही फोटो आधी काढा, मग उचला. विम्याला ते लागतात, आणि ‘झाड पडलं होतं, पाडलं नव्हतं’ हे उद्यान विभागाला दाखवायलाही.